एकसष्ट कोऱ्या जागा

"सर, हीच खूण तुम्ही वरच्या ओळीत काढलीत," मी म्हटलं.

पेंढरकर सरांनी पेन कागदावरून उचललं नाही. चौदाव्या प्रकरणाच्या तिसऱ्या पानावर मी सोडलेल्या कोऱ्या जागेत त्यांनी ती उभी, लांब खूण सावकाश पुरी केली. गणित न शिकलेल्यांनीही ती कुठेतरी पाहिलेली असते. दोन्ही टोकांना उलटसुलट वाकलेली, कोळणीच्या तराजूला वर आकडा असतो तशी. इंटिग्रलची खूण म्हणतात तिला.

"मग?" सर म्हणाले.

"मग काही नाही. या वाक्यात वेगळी असेल असं वाटलं."

"तुम्हाला गणित कधीपासून कळायला लागलं, मायाबाई?"

गणित मला कळत नाहीच. दहावीला पस्तीस मार्क, तेही मास्तरांनी दया केली म्हणून. पण सत्तावीस वर्षं दर मंगळवारी दुपारी लालबागहून फणसवाडीत येऊन मी या माणसाचा शब्द न् शब्द टाईप केलाय. कुठली खूण कुठे शोभते ते हाताला कळतं. अंगठीचं बोट चुकलं तर बाईला कळतं ना, तसं.

सरांच्या खुर्चीमागच्या भिंतीला छतापासून खाली भेग गेली होती. इंजिनियरने तिच्यावर काचेची एक पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवली होती. काच तडकली की भिंत अजून सरकतेय असं समजायचं. आल्या आल्या मी चपला काढायच्या आधी तिच्याकडे बघायची. त्या दिवशी ती शाबूत होती.

निघताना जिन्यात मीराबाई भेटली. ती सरांचा स्वयंपाक करते. टेकू लावलेल्या गॅलरीत तिने मला बाजूला घेतलं.

"तुमका म्हणान सांगतंय. काल गॅस तसोच चालू ठेवल्यानी. मी इलंय म्हणान बरा झाला. आमटीत दोनदा मीठ घातल्यानी, आणि माकाच इचारतत, मीठ कोणी घातला?"

"वय झालं, मीराबाई. शहाऐंशी."

"वय आमच्या बापाशीचाय झाल्ला," मीराबाई म्हणाली. "ह्या येगळा हा."

मला तिचा राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला आधी रागच येतो.

हे पुस्तक कसलं, ते सांगते. सर गणिताचे प्राध्यापक. मी तेव्हा ठाकूरद्वारच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी मशीनवर बसायची. सर आले आणि म्हणाले, लायब्निझवर मराठीत पुस्तक लिहायचंय, मी सांगेन, तुम्ही टाईप करा. मी म्हटलं, लायब्निझ म्हणजे औषध का हो? सर इतके हसले की आमच्या चालकांनी मान वर करून बघितलं. पुढे इन्स्टिट्यूट बंद पडली, मशीन मी विकत घेतलं आणि ते सरांच्या खिडकीशी येऊन बसलं. त्याच्यासमोर मी.

हा लायब्निझ जर्मनीतला, तीनशे वर्षांपूर्वीचा. गणितही करायचा आणि तत्त्वज्ञानही. न्यूटनशी त्याचं भांडण लागलं, कुणी कुणाचं चोरलं म्हणून. इंग्लंडवाल्यांनी निकाल न्यूटनच्या बाजूने दिला. म्हातारपणी दरबारात त्याला कुणी विचारेना. मेला तेव्हा माती द्यायला म्हणे एकटा त्याचा कारकून होता, एकहार्ट नावाचा. पन्नास वर्षं कबरीवर धड नाव नव्हतं.

"पण आज जग कुणाच्या खुणा लिहितं?" सर टेबलावर बोट आपटून विचारायचे. "ही उभी खूण लायब्निझची. निकालात हरला आणि जगात जिंकला. माणसाचं नाव पुसलं जातं, मायाबाई. खूण राहते."

आणि नावही राहिलंच होतं की त्याचं. सरांचा एक विद्यार्थी, अभय, जर्मनीला गेला होता. येताना त्याने एक बिस्किटाचं पाकीट आणलं, बिस्किटावर ठसठशीत लायब्निझ! सरांना कोण आनंद. "बिस्किटावर का होईना!" म्हणाले. सगळी वाडीत वाटली आणि एक जपून डब्यात ठेवलं. अकरा वर्षं झाली त्याला.

"आणि त्या कारकुनाचं नाव कसं राहिलं?" मी एकदा विचारलं होतं.

"हजर राहिला म्हणून," सर म्हणाले.

ते माझ्या डोक्यात बसलं. खोटं कशाला बोलू, मला आपलंही नाव कुठेतरी राहावं असं वाटायचं. लग्न नाही, मूल नाही, गिरणीतल्या बापाचं नाव रेशनकार्डावर होतं तेही गेलं. तीनेक वर्षांपूर्वी सरांनी प्रस्तावना सांगितली तेव्हा शेवटी म्हणाले, "या ग्रंथाचे सर्व टंकलेखन श्रीमती... जागा सोडा, मायाबाई... यांनी केले. त्यांच्याविना हा ग्रंथ झाला नसता."

मी मागे वळून बघितलं. "जागा?"

"नाव मी माझ्या हाताने लिहिणार. टाईप केलेले आभार म्हणजे लाँड्रीची पावती."

मी मशीनवर चौदा ठोके मोकळे सोडले. माया गणपत साटम, मधल्या दोन जागा धरून चौदाच होतात. मोजून सोडले.

जागा सोडायची ही आमची पद्धतच. मशीनवर गणिताच्या खुणा नसतात. लहान खूण असेल तर तीन ठोके, मोठी असेल तर पाच ठोके कोरं सोडायचं आणि नंतर लिहिणाऱ्याने शाईने भरायचं. टायपिस्टने तिथे काय येणार ते विचारायचं नाही, भरायचं तर नाहीच. ज्याची जागा त्याने भरावी, हा आमच्या इन्स्टिट्यूटचा पहिला धडा. पहिल्या तेरा प्रकरणांतल्या जागा सरांनी कधीच भरून टाकल्या होत्या. घोडं अडलं ते चौदाव्यावर.

लायब्निझला म्हणे सगळ्या विचारांना खुणा द्यायच्या होत्या. दोन माणसं भांडली की त्यांनी कागद घ्यावा, खुणा मांडाव्या आणि उत्तर काढून मोकळं व्हावं. त्याचं ते राहून गेलं. सरांनी ते मराठीपुरतं करायला घेतलं होतं. 'असेल', 'असावं', 'असतं तर', 'असायला हवं होतं', आपण दिवसभर जे बोलतो त्यातल्या एकेकाला त्यांनी स्वतः बसवलेली खूण होती. ती ते माझ्या पाठीमागच्या फळ्यावर काढायचे, बघायचे, पुसायचे आणि मला म्हणायचे, "जागा सोडा. मागून भरू. अजून पक्की नाही." अशा एकसष्ट जागा. माझं तोंड खिडकीकडे, बोटं मशीनवर. वळून बघायचं मला कधी सुचलं नाही. ती माझी जागा नव्हती ना!

आता अभयने दादरच्या एका प्रकाशकाला तयार केलं होतं. तो म्हणाला, "मायाताई, चरित्रं इंग्रजीत ढिगाने आहेत. चौदावं प्रकरण जगात दुसऱ्या कुणाकडे नाही. सरांचं नाव राहणार असेल तर त्याच्यावर राहील. महिनाअखेर द्या फक्त."

म्हणजे चार मंगळवार. त्यातला पहिला मी सांगितला. त्या दिवशी सरांनी अकरा जागा भरल्या. सात मी कधी न पाहिलेल्या, नाजूक, वळणदार खुणा, आणि शेवटचे चार आकडे. तराजूचे.

दुसऱ्या मंगळवारी गेले तर सरांचा मुलगा हितेंद्र आलेला. माणूस वाईट नाही. घाईत असतो, एवढंच. दारावर नोटीस डकवली होती, तीस तारखेच्या आत इमारत रिकामी करा.

"मायाताई, बाबांना पनवेलला नेतोय. टू बीएचके आहे, लिफ्ट आहे. हे मशीन मात्र नाही हां नेता येणार. आणि हा फळाबिळा पण."

"पुस्तक पुरं व्हायचंय," मी म्हटलं.

"व्हायचंय व्हायचंय म्हणून माझं लग्न झालं, पोरगी कॉलेजला गेली." तो हसला. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरांनी स्कॅन बघितलाय. म्हणाले, आता उतार आहे. वेगाने पण असू शकतो. तुम्ही उगाच त्यांच्या मागे लागू नका ना."

"मी कुणाच्या मागे लागत नाही. मी टायपिस्ट आहे."

पण लागले. हितेंद्र गेल्यावर मी सरांपुढे पानं ठेवली. चार खुणा बऱ्या आल्या. बाकी सगळे आकडे. एकाखाली एक आकडे. सर मन लावून काढत होते आणि पान संपलं की माझ्याकडे शाबासकीसाठी बघत होते. ज्या माणसाने माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला सत्तावीस वर्षं धारेवर धरलं, तो माणूस! मी म्हटलं, "छान आहे, सर." आयुष्यात त्यांच्याशी बोललेलं पहिलं खोटं ते.

घरी येऊन पलंगाखालची ट्रंक ओढली. वरची प्रत सरांकडे आणि कार्बन माझ्याकडे, हा आमचा रिवाज. निळसर कार्बनवर चौदावं प्रकरण तसंच होतं, एकसष्ट जागा कोऱ्या. 'मनुष्य जेव्हा' जागा 'म्हणतो तेव्हा तो' जागा 'विषयी बोलत नसून' जागा. रात्री जेवण गेलं नाही. पेन घेऊन बसले आणि पहिल्या जागेवर टोक टेकवलं. भरलं असतं काहीतरी, कुणाला कळणार होतं? मग पेन बंद केलं. स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या मंगळवारी काच तडकलेली होती. आडवी, अगदी बारीक रेघ. मीराबाई म्हणाली पहाटे टक् असा आवाज आला. बाजूच्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, दारं काढून नेलेली. गॅलरीतून चालताना प्रत्येक उघड्या चौकटीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

सर मला बघून खूश झाले. डबा उघडून ते अकरा वर्षांचं बिस्किट त्यांनी माझ्यापुढे धरलं. "घ्या, चहाबरोबर."

"अहो सर, हे ठेवलेलं आहे तुम्ही!"

"कशाला?" त्यांनी विचारलं, आणि अर्धं मोडून आपल्या चहात बुडवलं.

पेनाने जमणार नाही हे मला कळून चुकलं होतं. पण शिकवणाऱ्याचा हात फळ्यावर चालतो, असं डोक्यात आलं. मी फळा पुसला, खडू त्यांच्या बोटांत दिला आणि कोपर धरून उभं केलं. मग मशीनवर जाऊन बसले, नेहमीसारखी, खिडकीकडे तोंड करून. मशीनमध्ये कागदही चढवला. आणि चौदाव्या प्रकरणातलं पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं, सरांच्याच आवाजाच्या चढउतारात.

"मनुष्य जेव्हा..."

मागे खडू फळ्याला लागला. टक्, सर्र, टक्. आकडा काढताना असा आवाज येत नाही. तो एका ओढीत येतो. हा तीन तुकड्यांचा आवाज होता.

"म्हणतो तेव्हा तो..."

पुन्हा. टक्, टक्, सर्र. मग सर स्पष्ट, पूर्वीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "जागा सोडा, मायाबाई."

मी टेबलावरची पेन्सिल घ्यायला हात लांब केला. ती घरंगळली. वाकून उचलली. दोन सेकंद, फार तर तीन. वळून बघते तर सर डस्टर फिरवत होते. वर, खाली, आडवा, कोपऱ्यापर्यंत, चाळीस वर्षं तास संपल्यावर पुसायचे तसा, नीट. फळा काळाभोर.

"सर!" मी किंचाळले. "काय केलंत! अहो काय केलंत हे!"

डस्टर त्यांच्या हातातून पडलं. खडूची पूड सदऱ्यावर. ते भिंतीला टेकले, त्या तडकलेल्या काचेच्या बाजूला.

"चुकलं का माझं?" ते म्हणाले. "मागून भरू की."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. त्यांचे हात पुसले. मला स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटत होत्या, सत्तावीस वर्षांच्या. एकदा मान वळवली असती तर? एकदा म्हटलं असतं, सर, कच्ची तर कच्ची, आत्ताच भरा? नाही. मी मोठी शिस्तीची!

पुन्हा दोनदा प्रयत्न केला. फळ्यावर आकडेच आले.

मग मी काय केलं ते सांगायला मला अजून जड जातं. प्रस्तावनेचं शेवटचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. चौदा ठोक्यांच्या जागेवर बोट ठेवलं. सरांचं राहणार नव्हतं, निदान माझं तरी राहू दे, असा हिशेब होता तो. स्वार्थच.

"सर, एवढं एक भरा. इथे."

त्यांनी वाक्य वाचलं. ओठ हलत होते. "सर्व टंकलेखन श्रीमती..." मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. ओळखत होते मला, त्यात शंका नाही. नजर आपल्या माणसाची होती. फक्त नावापर्यंत हात पोचत नव्हता. मग त्यांनी पेन टेकवलं आणि त्या जागेच्या बरोबर मधोमध, कधी नव्हे इतक्या काळजीने, आकडा काढला. वरचं वळण, उभी रेघ, खालचं वळण. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"झालं," सर म्हणाले. "आता राहील."

चौथ्या मंगळवारी खोली रिकामी होती. खाली टेम्पो भरलेला. हितेंद्र आणि मीराबाई सरांना जिन्यावरून एकेक पायरी उतरवत होते. वाडीतल्या उरलेल्या चार-पाच बायका उभ्या होत्या. त्यांना सर म्हणजे पोरांना फुकट शिकवणारे एवढंच माहीत. सरांनी टॅक्सीत बसताना सगळ्यांना हात जोडले, मलाही. गाडी वळली. मी अंगणात उभी राहिले तोवर वर कुणीतरी फळा काढला. तो जिन्यावर आपटत खाली आल्याचा आवाज आला.

अभय तिथेच आला होता. मी त्याला पिशवी दिली. तेरा प्रकरणं वरच्या प्रतीची, शाईने भरलेली. चौदावं आणि प्रस्तावना कार्बनची. वरच्या प्रतीतले आकडे मला कुणाला दाखवायचे नव्हते.

त्याने उभ्या उभ्या चौदावं चाळलं. त्याचा चेहरा उतरला. "मायाताई, हे तर कोरं आहे. सरांनी भरलंय म्हणालात ना?"

"अकरा खऱ्या भरल्यात, आधी सात, मग चार. त्या वेगळ्या कागदावर उतरवून दिल्यात, कुठली कुठे ते लिहून. खुणा त्यांच्याच, मी नुसत्या उतरवल्यात. बाकी पन्नास नाहीत."

"मी काही अंदाजाने..."

"नाही."

"अहो पण अशा कोऱ्या जागा छापायच्या? लोक काय म्हणतील?"

"इथे काहीतरी होतं असं म्हणतील. खोटं भरलंस तर तेवढंही म्हणणार नाहीत. सरांचं नाव घालतोयस ना वर? मग जशा सोडल्यात तशा छाप. तीन ठोक्यांची तीन, पाचाची पाच."

त्याने चौदावं मिटून पिशवीत ठेवलं. सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा म्हणे. समजूतदार आहे. मग प्रस्तावना वाचली आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"आणि हे? इथे तर तुमचं नाव यायला हवं. हे तरी टाकतो मी."

तोंडाशी आलं होतं, टाक म्हणून. देवाशपथ आलं होतं.

"ज्याची जागा त्याने भरायची," मी म्हटलं. "सोड ती जागा."

घरी आले. हातपाय धुतले. वरच्या प्रतीचं पान पिशवीच्या तळाशी ठेवलं होतं, ते काढून ट्रंकेत ठेवायच्या आधी एकदा वाचलं, मोठ्याने, एकटीच असते मी. या ग्रंथाचे सर्व टंकलेखन श्रीमती. मग ती खूण आली. तिथे मी थांबले, चौदा ठोके होतील एवढा वेळ. आणि मग पुढचं वाचलं, यांनी केले.